तख्त-ए-जमशीदचं तेविसावं पान

पर्सेपोलिस पाहायला लोक इराणात शिराझला जातात. आम्ही आयर्लंडमध्ये केरीला गेलो, आणि तेही डब्यात भाकरी-ठेचा बांधून. कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. २०२१ च्या त्या जुलैत शिराझला जाणं आमच्यापैकी कुणालाच शक्य नव्हतं, आणि जिला जायची सगळ्यात जास्त गरज होती तिला तर नव्हतंच नव्हतं.

ती म्हणजे मेहरी. मूळची शिराझची, पेशानं नर्स. आयर्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर डून लेरीला आमच्या घरातली वरची खोली तिनं दोन वर्षं भाड्यानं घेतली होती. मग पार पश्चिमेला, केरीतल्या ट्रलीच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती तिकडे गेली. ती गेली त्याच्या दुसऱ्याच महिन्यात माझे वडील खुलताबादहून आले. तीन महिन्यांसाठी आलेले नाना करोनात विमानं बंद झाल्यामुळे दीड वर्ष माझ्याकडे अडकून पडले.

नानांचं आयुष्य वेरूळच्या लेण्यांच्या डागडुजीत गेलं. आधी मजूर, मग पाथरवट, मग मिस्त्री. उजव्या हाताची तर्जनी तरुणपणी हातोड्याखाली सापडली आणि ती तिरकीच जुळली. त्यामुळे ते रस्ता दाखवायला लागले की बोट भलत्याच गल्लीत शिरतं. डून लेरीत त्यांना बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. नातीला मराठी समजतं, पण ती उत्तर देते आयरिश इंग्रजीत. म्हणून सकाळ-संध्याकाळ ते बंदराच्या धक्क्यावर जात आणि तिथल्या ग्रॅनाइटच्या चिऱ्यांवर बोटाच्या पेरांनी टकटक करून त्यांची तब्येत विचारत. ओळखीच्या आयरिश बायका मला दुकानात भेटल्या की म्हणायच्या, तुझे बाबा काय बाई ग्रँड आहेत, आमचा धक्का तपासतात.

मेहरीचे वडीलही दगडातलेच. तिकडे पर्सेपोलिसला तख्त-ए-जमशीद म्हणतात, आणि तिच्या बाबांनी तिथे चाळीस वर्षं दगड जोडले, सांधले, पुसले. अडीच हजार वर्षांपूर्वीची राजधानी ती. डोंगराच्या पायथ्याशी रचलेला अवाढव्य चौथरा, त्यावर राजाचा दरबार, दरबाराचे बहात्तर खांब. शिकंदरानं जाळल्यावर आज त्यातले तेराच उभे आहेत. दरबाराला चढायचा जिना आहे, आणि त्याच्या भिंतीवर तेवीस देशांची मंडळी राजाला नजराणे घेऊन चालली आहेत. प्रत्येक तुकडीतल्या पहिल्या पाहुण्याचा हात राजाच्या माणसानं धरलेला आहे.

बाबांचा जीव त्या हातांवर जडला होता. त्यांच्या लक्षात आलं, की एका जोडीसारखी दुसरी जोडी नाही. कुठे मनगट धरलंय, कुठे नुसती बोटं. एका वहीत त्यांनी पानाला एक अशा सगळ्या जोड्या काढल्या. बावीस झाल्या. तेविसाव्या जोडीच्या जागी दगडाचा टवकाच उडालेला होता, म्हणून ते पान चाळीस वर्षं कोरं राहिलं. दरबाराच्या पूर्वेला दुसरा जिना आहे, त्यावर हीच मिरवणूक उलट्या दिशेनं कोरलेली आहे, तिथे बघून काढता आली असती. पण बाबांचं म्हणणं, तो कारागीर वेगळा, त्याचे हात वेगळे. न दिसलेलं काढायचं नाही हा त्यांचा नेम होता.

आता योगायोग बघा. त्या हिवाळ्यात मेहरीच्या वॉर्डात नूला नावाच्या एक शेतकरीण आजी होत्या. त्यांनी विचारलं, बाळ, तू कुठली? मेहरी म्हणाली, पर्शियाची. त्यावर आजी म्हणाल्या, मग तुमची काही माणसं आमच्या तबेल्यात आहेत.

नूलाच्या नवऱ्याचे पणजोबा तारखात्यात होते. तारेची लाइन सांभाळायला ते इराणात राहिले होते. तिथे त्यांनी जिन्याच्या एका भागावर ओला कागद ठोकून ठसा घेतला, आणि घरी आल्यावर त्यावरून नक्षी उठवून तबेल्याच्या भिंतीत बसवली. नूलानं घरून फोटो पाठवला. बाबांनी तो पाहिला आणि ओळखलं. टवका उडण्याच्या आधीचा ठसा होता तो, आणि कोऱ्या पानाची जोडी त्यातच होती. फोटोत मात्र त्या जागी पांढऱ्या चुन्याच्या गोळ्यापलीकडे काही दिसत नव्हतं.

मेहरीनं मला फोन केला तेव्हा बाबांना करोना होऊन गेला होता आणि त्यातून ते उठले नव्हते. घरीच होते, ऑक्सिजनवर. तिला रजा मिळत नव्हती, मिळाली तरी तिकडे पोचायची खात्री नव्हती. ती म्हणाली, "त्यांना ते पान भरायचंय. वेळ फार नाही, हे मी मुलगी म्हणून नाही, नर्स म्हणून सांगतेय. तो चुना काढायला पाथरवट हवा. तुझ्या नानांना घेऊन ये."

ट्रली

नवरा आणि लेक घरी राहिले. नाना पहाटेपासून कोट घालून बसले होते. माझी औषधांच्या कारखान्यात नोकरी आहे, आणि काम एकच: लोक जे केलं म्हणतात ते त्यांनी खरंच केलं का, हे तपासायचं. त्यामुळे प्रवासाची यादी, मास्क, लसीचे कागद, सगळं माझ्याकडे फाइलमध्ये होतं. नानांच्या पिशवीत मात्र एक जुनी छिन्नी निघाली. ती त्यांनी भारतातून कपड्यांत गुंडाळून आणली होती आणि दीड वर्षात मला दाखवली नव्हती.

तेव्हा हॉटेलात आत बसून खायला बंदी होती. वाटेत एका गावात आम्ही गाडीतच चिप्स आणि भाकरी-ठेचा खाल्ला. ऊन असं पडलं होतं की आयरिश लोक बावचळल्यासारखे अर्ध्या कपड्यांत हिंडत होते. पुढे शेतांच्या दगडी कुंपणभिंती सुरू झाल्या आणि नाना जागे झाले. दोनदा गाडी थांबवायला लावली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. "वारा पास होऊ देतेत," ते म्हणाले, "म्हणून पडंना गेल्यात." मला त्या भिंती इतकी वर्षं दिसत होत्या, पण त्यांच्यातून पलीकडचं आकाश दिसतं हे त्या दिवशी कळलं.

मेहरीच्या घरी पोचलो तेव्हा ती दारातून दोन मीटर मागे सरकून उभी राहिली. डोळ्यांनी हसली, हात छातीवर ठेवून वाकली. आम्ही एका टेबलावर, आणि ती उघड्या खिडकीशी वेगळ्या टेबलावर, अशी आमची पंगत बसली. वॉर्डात दीड वर्ष काढलेली ती. हातमोजा न घालता आपण कुणाला शिवलो त्याला आता किती महिने झाले ते आठवत नाही, असं तिनं इतकं सहज सांगितलं की मी घास घेताना थांबले.

जेवायला पालेभाजी आणि राजमा घालून शिजवलेलं मटण होतं. आणि भात, त्याच्या तळाची सोनेरी खरवड मुद्दाम उलटी करून वर मांडलेली. आमच्याकडे खरवड खाल्ली तर लग्नात पाऊस पडतो म्हणून पोरांना दटावतात. इराणात ती पाहुण्याला पहिली वाढतात. नानांनी तीनदा घेतली आणि म्हणाले, माझ्या लग्नात पडायचा तो पडून गेला.

चहाच्या वेळी शिराझला फोन लागला. पडद्यावर उशीला टेकलेले बाबा, नाकाला नळी, मागे मेहरीचा भाऊ फोन धरून. बाबा फारसीत बोलत, मेहरी मला इंग्रजीत सांगे, मी नानांना मराठीत. एवढी तीन भाषांची वरात, पण दोघे म्हातारे एकमेकांकडेच बघून बोलत होते. बाबांनी सांगितलं, दरबाराच्या जिन्याच्या पायऱ्या जेमतेम चार बोटं उंच आहेत, लांब झग्यातल्या पाहुण्यांना रुबाबात चढता यावं म्हणून. दगडांच्या सांध्यात चुना नाही, लोखंडाच्या पट्ट्या बसवून वर शिसं ओतलेलं. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावलेले दोन बैल, त्यांच्या मधल्या खोबणीत तुळई. नाना ऐकत होते आणि तिरकं बोट टेबलावर फिरवून मनात सांधे बसवून बघत होते. मग त्यांनी वेरूळचं कैलास सांगितलं, एकाच डोंगरातून कळसापासून खाली कोरत आणलेलं. "त्यान्ला सांग, तुमचं चुकलं तर दगुड बदलता येतो. आमचं चुकलं तर डोंगूर कुठून आणावा?" बाबा हसले, आणि हसण्यानं त्यांना खोकल्याची उबळ आली.

वाद झाला तो एकाच मुद्द्यावर. नाना म्हणाले, आमच्यात भंगलेली मूर्ती पूजेला चालत नाही, गावकरी येऊन पाथरवटाच्या पाया पडतात, मग त्याला मूर्तीला नवा हात बसवून द्यावाच लागतो. त्यांनी स्वतः असे चार-पाच बसवले होते. बाबांनी मान हलवली. आपण बसवलेला हात आपला असतो, मूळ कारागिराचा नसतो, ते म्हणाले. झोपायला जाताना नाना मला म्हणाले, त्या माणसाचं बरोबर आहे, फक्त त्याला गावकरी भेटलेले नाहीत.

नूलाचा तबेला

ट्रलीपासून डोंगर आणि समुद्र यांच्या मधल्या रस्त्यानं अर्धा-पाऊण तास. नूला फाटकात उभ्या होत्या. ऐंशीच्या पुढच्या, रबरी बूट, हातात विणकाम. आधी त्यांनी आम्हाला अंगणात बसवून चहा आणि सफरचंदाचा टार्ट खाऊ घातला. तो संपेपर्यंत तबेल्याचं नाव काढू दिलं नाही. याबाबतीत केरी आणि मराठवाडा सख्खे भाऊ आहेत.

तबेल्यात आता घोडे नव्हते, जुनं गवत आणि एक सायकल होती. समोरच्या भिंतीत पुरुषभर लांबीची ती नक्षी. वरच्या ओळीत उंच टोपीवाले पाहुणे, खालच्या ओळीत उघड्या अंगाचा एक माणूस खांद्यावर कावड घेऊन चाललेला. मेहरी म्हणाली, ते हिंदुस्थानचे लोक. नाना पुढे झाले आणि कावडीची दोरी बघून म्हणाले, गाठ बरोबर मारलीय. पण सगळंच धूसर होतं. इथे पाळीपाळीनं एकेका घरी पाद्री येऊन प्रार्थना घेत, आणि ज्या घरची पाळी ते घर आधी गोठ्या-तबेल्यासकट चुन्यानं रंगवायचं अशी चाल. नूलाच्या सासूनं रंगवलं, तिच्या सासूनं रंगवलं. नक्षीतल्या शिपायांना वगळायचं कुणाला सुचलं नाही. घरात सगळे त्यांना शिपाईच म्हणत. नाना म्हणाले, आमच्या मारुतीवर शेंदूर चढतो तसंच हे. नाक कुठं, डोळं कुठं, देवालाच ठाऊक.

नूलानं परवानगी दिली, पण एकाच जोडीची. "बाकीच्यांना राहू दे. मला ते असेच ओळखीचे आहेत."

फोन लावला. बाबांच्या कपाळावर आज घाम होता. नानांनी कोट काढला, भिंतीवर पेरांनी टकटक केली, कान लावला. चुन्याचे थर इतके जाड की आवाजच येईना. नूला दगड म्हणत होत्या, नानांनीही दगडच गृहीत धरला. फडकं भिजवून त्यांनी वेरूळच्या रीतीनं कडेच्या एका झग्याच्या काठावर दाबून धरलं. आधी चुना सुटला. मग त्याच्याखालचा काठही लोण्यासारखा मऊ होऊन फडक्याबरोबर निघाला. टोपीवाल्याच्या झग्याची चार बोटं किनार नानांच्या हातात आली.

तो दगड नव्हता. कागदाच्या ठशात ओतलेलं ते प्लॅस्टर होतं, आणि पाणी लागलं की प्लॅस्टर ढासळतं. इतकी साधी गोष्ट मला, कारखान्यात सगळं तपासणाऱ्या बाईला, सुचली नव्हती. पण नानांचा चेहरा बघवेना. पन्नास वर्षं हातोडा धरलेला माणूस फडकं हातात घेऊन पोरासारखा उभा होता. "मला दगुड आन् गिलावा वळखंना गेला," ते म्हणाले, आणि गवताच्या पेंढीवर बसले.

बाबांनी पलीकडून सगळं पाहिलं होतं. ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले. मग मेहरीनं सांगितलं: "बाबा म्हणतात, पहिल्या वर्षी माझ्या हातून बारा पाकळ्यांच्या फुलाची एक पाकळी गेली. ते फूल अजून अकरा पाकळ्यांचं आहे. उस्तादांना सांग, उठा. आता चुना कोरडाच काढा."

नाना उठले. छिन्नी त्यांनी पिशवीतच ठेवली आणि नूलाच्या विणकामाकडे बोट केलं. तिरकं बोट सायकलीकडे वळलं, पण नूलाला बरोबर कळलं. त्यांनी टाके दुसऱ्या सुईवर घेतले आणि बांबूची सुई काढून दिली. मग अडीच तास नाना त्या सुईच्या टोकानं कोरडा चुना पापुद्र्या-पापुद्र्यानं काढत राहिले. बाबा मधूनच "आहिस्ता, आहिस्ता" म्हणत. औरंगाबादच्या बाजूला आयुष्य काढलेल्या माणसाला त्याचं भाषांतर लागत नव्हतं. नानाही मग स्वतःशी तेच पुटपुटायला लागले.

आधी राजाच्या माणसाचं मनगट आलं. मग त्याची चार बोटं. मग, त्या बोटांवर आडवा, एक अंगठा. तो कुणाचा ते मला कळेना. नानांना कळलं. बाकीच्या जोड्यांत राजाचा माणूस धरतो आणि पाहुणा हात ढिला सोडतो, असं बाबांनी काल सांगितलं होतं. इथे पाहुण्यानंही धरलं होतं. घट्ट धरलं होतं, तर्जनी सरळ टेकवून आणि अंगठा दाबून.

मेहरीनं फोन जवळ नेला, लांब नेला, वाकडा केला. पांढऱ्यावर पांढरं, सावली पडेना. बाबांना उठाव दिसत नव्हता. दोन हात आहेत हे दिसत होतं, कोणता वर नि कोणता खाली ते नाही. त्यांनी डोळे मिटून घेतले. इतक्या लांब येऊन पान कोरंच राहणार असं मला त्या क्षणी वाटलं आणि फार वाईट वाटलं.

मग बाबा मेहरीला काहीतरी म्हणाले. मी विचारल्यावर म्हणाली, "ते म्हणतात, तुमच्यापैकी दोघांनी तसे हात धरून दाखवा. उजेडात."

कुणी हललं नाही. मोठ्या झालेल्या परक्या मुलीचा हात नानांनी कधी धरला नव्हता. माझाही शेवटचा कधी धरला ते मला आठवत नाही. आणि मेहरी दीड वर्ष सगळ्या जगापासून दोन मीटर उभी होती. मी नियमवाली, पण मी तोंड बंद ठेवलं. मेहरीनं फोन माझ्याकडे दिला, खिशातून सॅनिटायझर काढून हात चोळले, कोपरापर्यंत चोळले. नानांनी आपले हात सदऱ्याला पुसले. तबेल्याच्या दारातल्या उन्हात दोघे उभे राहिले. मेहरी राजाचा माणूस झाली, नाना पाहुणा झाले. नाना भिंतीकडे बघून बोटं एकेक करून बसवत गेले आणि शेवटी त्यांनी अंगठा दाबला.

पलीकडे भावानं फोन कशाला तरी टेकवून ठेवला. आम्हाला छत, पंखा आणि वहीची कड दिसत होती. पेन्सिलीचा आवाज येत होता, मध्येच थांबत होता, पुन्हा येत होता. पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. नूलानं दूध काढायची जुनी तिवई आणून नानांच्या मागे ठेवलं, पण ते बसले नाहीत. मास्कच्या वरून मेहरीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि धरलेला हात हलू नये म्हणून ती ते पुसत नव्हती. नाना तिच्याकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. एकदाच हळू म्हणाले, "लेकराचा हात गार पडलाय." मी ते इंग्रजीत केलं नाही.

पुन्हा डून लेरी

शेवट सांगण्याआधी हे सांगून टाकते. बाबा ऑगस्टात गेले. मेहरीला जाता आलं नाही. वही तिच्या भावाकडे आहे, आणि नाना हिवाळ्याच्या तोंडाशी खुलताबादला परतले.

पण पानाचा फोटो आम्हाला चौथ्याच दिवशी आला होता. नाना नुकतेच धक्क्यावरून परतले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. पेन्सिलीची रेघ थरथरलेली होती, तरी सगळं होतं. मनगट, चार बोटं, वरून दाबलेला अंगठा. नानांनी चष्मा लावला, चित्र मोठं केलं, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

पाहुण्याची तर्जनी तिरकी होती.

"बोट माझं काढलंय," नाना म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. तबेल्यातल्या पाहुण्याचं बोट सरळ होतं, ते स्वतः त्यांनी उघडं केलं होतं. चाळीस वर्षं ज्यानं न दिसलेली एक रेघ ओढली नाही, त्याच्या शेवटच्या पानावर आपल्यामुळे चूक राहावी हे त्यांना सोसेना. "कळव त्यान्ला. अजून वेळ हाय, नीट करतील." मीही कळवलं. चूक दिसली की कळवायची, हे माझं तर कामच आहे.

बाबांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यांच्याच आवाजात, दर दोन शब्दांनी थांबत. खाली मेहरीनं इंग्रजीत लिहिलं होतं. मी ते नानांना स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मराठीत सांगितलं:

"उस्तादांना सांग, दगडातला हात मला नीट दिसला नाही. माझ्या मुलीचा हात ज्यानं धरला होता, तो नीट दिसला. दिसला तोच काढलाय."